दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या सर-मॅडमना खुलं पत्र : एकदा वर्ग मासळी बाजारात न्या

सगळ्या सर आणि मॅडमना सप्रेम नमस्कार,

मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कोळीवाड्यातली. आई अजून बाजारात पाटी घेऊन बसते. मी प्राणिशास्त्रात एमएस्सी केलं आणि आता सुट्टीच्या दिवशी आसपासच्या शाळांतली पोरं गोळा करून त्यांना मासळी बाजारात नेते, मासे दाखवते, उघडून दाखवते. त्यावरून तुमच्याकडे एकच मागणं आहे, पण ते नीट सांगायचं तर जरा लांबण लागेल, तेव्हा सांभाळून घ्या.

दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा आहे, आणि प्राण्यांचं वर्गीकरण येतं सहाव्या धड्यात. मधे चार धडे, एक चाचणी, कधी कधी सहामाहीसुद्धा होऊन जाते. पोरं पहिल्या धड्यात डार्विन पाठ करतात, अवशेषांगं पाठ करतात, आणि सहाव्यात चक्रमुखी, मत्स्य, उभयचर, सरीसृप, पक्षी, सस्तन ही यादी पाठ करतात, प्रत्येकाची चार लक्षणं आणि दोन उदाहरणं. पण ही यादी म्हणजे पहिल्या धड्यात जे घडलं त्याचाच हिशोब आहे, हे दोन धडे मुळात एकच आहेत, हे मला भेटलेल्या पोरांपैकी फार थोड्यांना कुणी सांगितलेलं असतं. त्यांना वाटतं वर्गीकरण म्हणजे कपाटातले कप्पे. नाही हो, ती वंशावळ आहे, कोण कुणाचा सख्खा, कोण चुलत, कोण लांबचा.

२०२३ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढल्याचं लक्षात आलं तेव्हा देशभरातल्या १८०० हून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी जाहीर पत्र काढलं होतं. आपल्या राज्याच्या पुस्तकात तो धडा आहे, ही फार चांगली गोष्ट आहे. म्हणूनच वाटतं, की आहे तर तो जिवंत करा, आणि त्यासाठी लागणारं सगळं सामान बाजारात बर्फावर मांडलेलं असतं.

सुरुवात मुशीपासून करा. मालवणकडे हिला मोरी म्हणतात, आणि ज्यांनी जुन्या काळी बीएस्सी केलंय त्यांना स्कोलिओडॉन नावाने आठवत असेल, प्रॅक्टिकलला हीच असायची. दोन हात लांबसुद्धा नसते, पण आहे अस्सल शार्क. पोरांना सांगा हात फिरव. डोक्याकडून शेपटीकडे फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला की पॉलिश पेपरसारखं खरखरतं. ही खरखर म्हणजे बारीक बारीक दात आहेत, खरोखरचे, आत गर, वर दंतिन आणि त्यावर कडक थर, आपल्या दातांची जी रचना तीच. मग डोक्याच्या बाजूला पाहायचं, पाच फटी उघड्या दिसतात, वर झाकण नाही. शेजारच्या बांगड्याला झाकण आहे, उचललं की लाल कल्ले. मग मावशीला सांगायचं मुशीचा तुकडा पाड, सुरी आरपार जाते, कारण आत हाड नाहीच, सगळी कूर्चा, आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तशी लवचीक.

आणि मादी असेल तर पोट फाडल्यावर कधी कधी आत पिल्लं निघतात. एकदा आमच्या आईने एक मादी कापली तेव्हा आत बोटाएवढी पिल्लं होती आणि प्रत्येकाच्या पोटातून एक नाळ निघून आईच्या गर्भाशयाला चिकटलेली. नववीतली एक मुलगी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ताई ही तर वार आहे. बरोबर, वारच आहे! ह्या मुशीचं अंडं जेमतेम एक मिलिमीटरचं असतं, शार्कमधल्या सगळ्यात लहान अंड्यांपैकी एक, त्यात पिल्लाला पुरेल असं काही नसतंच, म्हणून ते जवळजवळ सगळं पोषण आईच्या रक्तातून घेतं. आपली वार आणि मुशीची वार एकमेकींपासून आलेली नाही, दोन वंशांत ती वेगवेगळी, आपापली तयार झाली. ज्या पोरीने 'मासे अंडी घालतात' हे पाठ केलंय तिच्यासमोर हे उघडं पडलं की तिला उत्क्रांती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता मुशी, बांगडा आणि माणूस अशी तीन नावं फळ्यावर लिहा आणि विचारा, यातले जवळचे दोन कोण? सगळा वर्ग ओरडतो, मुशी आणि बांगडा. उत्तर आहे बांगडा आणि माणूस. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी हाडं असलेल्या एका माशाचा वंश दोन वाटांनी गेला. एका वाटेवर बांगडा, रोहू, सुरमई आणि आज दिसणारे बहुतेक सगळे मासे, दुसऱ्या वाटेवर मांसल पराचे, म्हणजे पोहायचे पंख जाड आणि मांसल असलेले मासे आणि त्यांच्यातूनच पुढे बेडूक, पाल, कोंबडी, म्हैस, आपण. मुशीचा वंश त्याच्याही आधी फुटलेला. म्हणजे बांगडा आपला चुलत आणि मुशी आपल्या दोघांची लांबची नातेवाईक. जगात पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या ७० हजारांहून जास्त प्रजातींची नोंद झाली आहे, त्यातले जवळजवळ निम्मे आपण ज्यांना मासे म्हणतो ते, आणि त्या निम्म्यांतले बहुतेक सगळे बांगड्याच्या वाटेवरचे.

त्या दुसऱ्या वाटेवरचे मांसल पराचे मासे आता अगदी थोडे उरलेत. एक सीलाकँथ, जो कधीच संपला असं धरून चालले होते आणि १९३८ साली दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाळ्यात सापडला, आणि फुप्फुसमासे, आफ्रिकेत चार जाती, दक्षिण अमेरिकेत एक, ऑस्ट्रेलियात एक. ते आपल्या बाजारात मिळणार नाहीत. पण फुप्फुसाची गोष्ट मिळते. घोळ मासा कापताना मावशी एक पिशवी अलगद काढून बाजूला ठेवते, तिला बोत म्हणतात, वाळवून परदेशात जातं आणि घोळीला सोन्याचा भाव येतो तो त्याच्यासाठीच. हे बोत म्हणजे माशाची हवेची पिशवी, पाण्यात वरखाली तरंगायला. डार्विनला वाटलं होतं की अशा पिशवीचंच पुढे फुप्फुस झालं. आज जीवाश्म आणि जुन्या वंशाचे जिवंत मासे बघून गोष्ट उलटी दिसते, हाडाच्या माशांच्या त्या जुन्या पूर्वजाला आधीच साधी फुप्फुसं होती, आपल्या वाटेवर ती फुप्फुसंच राहिली आणि घोळीच्या वाटेवर त्यांची तरंगायची पिशवी झाली. लाखो रुपयांचं बोत हे आपल्या फुप्फुसाचं भावंड आहे हे सांगितल्यावर आमच्या कोळीवाड्यातले बाप्ये पण कान देऊन ऐकायला लागतात.

कानावरून आठवलं, ह्याच्यासाठी जरा जास्त वेळ काढा. उकडलेल्या बांगड्याचं डोकं घ्या, गालावरची कातडी काढा, आत कवटीपासून खाली जबड्याकडे उतरणारं एक चपटं हाड मिळेल. अख्खा जबडा आणि कल्ल्याचं झाकण त्याच्या आधारावर असतं. बांगडा आणि आपण फुटायच्या आधीच्या पूर्वजात ते हाड होतं, आणि आपल्या वाटेवर ते लहान होत होत मधल्या कानात गेलं. आपल्या कानातली रिकीब, शरीरातलं सगळ्यात छोटं हाड, ती हीच. उरलेली दोन, हातोडी आणि ऐरण, तीही जबड्याच्या सांध्यातून आली, हे कार्ल रायखर्ट या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८३७ मध्ये गर्भांचा अभ्यास करून दाखवलं होतं, म्हणजे डार्विनचं पुस्तक यायच्या २२ वर्षं आधी. पुढे जीवाश्मांत असे प्राणीही मिळाले ज्यांच्यात जुना आणि नवा असे दोन्ही जबड्याचे सांधे एकाच वेळी होते.

आता बाजूच्या पाटीतला रोहू घ्या. रोहू, कटला, शिंगाळा ह्या मंडळींच्याही अंगात आवाज पोचवणारी बारीक हाडांची साखळी असते, हवेच्या पिशवीवर आलेली थरथर ती आतल्या कानापर्यंत नेते. १८२० मध्ये वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं. पण ही हाडं जबड्यातली नाहीत, मानेजवळच्या पहिल्या काही मणक्यांचे भाग आहेत ते. गरज एक, चांगलं ऐकू येणं, आपल्या वंशाने त्यासाठी जबडा वापरला आणि रोहूच्या वंशाने कणा. घरात जे सामान पडलेलं असतं त्यातूनच काम भागवायचं, नवीन काही बाहेरून मिळत नाही, उत्क्रांतीचं सगळं काम ह्याच पद्धतीने चालतं, आणि हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा रोहूच्या मानेत जास्त स्पष्ट दिसतं.

ढोमा खाताना दाताखाली खडा येतो तो सगळ्यांना माहीत आहे. डोक्यात दोन पांढरे खडे, तोल सांभाळायला आणि ऐकायला, आणि कापून घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर वाढीची वलयं दिसतात, त्यावरून माशाचं वय काढतात. आपल्याही आतल्या कानात त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण आहेत आणि ते जागेवरून सरकले की कूस बदलताना खोली गरगर फिरते, डॉक्टरकडे जावं लागतं. कुणाच्या तरी आजीला हे झालेलं असतंच, वर्गात विचारा.

मग माझा सगळ्यात आवडता भाग, पापलेटची पाटी. चंदेरी पापलेट २०२३ पासून आपला राज्यमासा आहे, निदान त्याची कुळकथा तरी पोरांना माहीत पाहिजे. पापलेट, हलवा, बांगडा, काट बांगडा, वाकटी आणि लेपा, एवढे सहा मासे एका कागदावर मांडायचे आणि म्हणायचं, घराणी लावा. पोरं काय करतात, पापलेट-हलवा एकत्र कारण दोन्ही चपटे गोल, बांगडा-काट बांगडा एकत्र कारण दोन्ही लांबट, वाकटी वेगळी कारण ती पट्ट्यासारखी, आणि लेपा तर कुणाचाच नाही कारण त्याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला. डीएनएने लावलेली घराणी अशी नाहीत. पापलेट, बांगडा, सुरमई आणि ती पट्ट्यासारखी वाकटी एका घराण्यातले. हलवा आणि काट बांगडा दुसऱ्या घराण्यातले, आणि लेपा ह्या दुसऱ्यांच्याच भावकीतला, म्हणजे हलव्याला पापलेटपेक्षा लेपा जवळचा! खूण हवी असेल तर हलव्याच्या शेपटीच्या बुंध्यावरून बोट फिरवा, कडक खवल्यांची बारीक रांग लागते, काट बांगड्याला तीच रांग एवढी ठसठशीत असते की हात कापेल. पापलेटच्या शेपटीवर ती मिळणार नाही.

पापलेट-बांगड्याच्या घराण्याबद्दल २०१३ मध्ये जो अभ्यास आला त्यात असं निघालं की त्यांचा पूर्वज बहुधा खोल समुद्रातला होता, आणि ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर गेले त्याच संकटात वरच्या पाण्यातले मोठे शिकारी मासे पण गेले, जागा रिकाम्या झाल्या, आणि मग ह्या घराण्यातला कुणी वेगवान झाला, कुणी चपटा, कुणी पट्टी. सस्तन प्राण्यांनी जमिनीवर त्या काळात जे केलं तेच ह्यांनी पाण्यात केलं. लेप्याचं म्हणाल तर पिल्लू असताना त्याचे डोळे दोन बाजूंना नीट असतात आणि वाढताना एक डोळा कपाळावरून सरकत पलीकडे जातो. बरेच जण विचारायचे की अर्धा सरकलेला डोळा काय कामाचा, असा प्राणी असूच शकत नाही. इटलीतल्या सुमारे ५ कोटी वर्षं जुन्या खडकांतले मासे पुन्हा नीट तपासल्यावर २००८ मध्ये मॅट फ्रीडमन या जीवाश्मशास्त्रज्ञाने दाखवलं की असा मासा होता, मोठा झालेला, आणि एक डोळा अर्ध्या वाटेवर.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतेय की आपण वर्गात नकळत शिडी शिकवतो. खालच्या पायरीवर मासे, मग बेडूक, मग पाल, मग पक्षी, सगळ्यात वर माणूस, आणि 'कमी विकसित', 'अधिक प्रगत' असे शब्द. आजच्या बेडकाची आजची पाल झालेली नाही. मुशीचा वंश तेवढीच वर्षं जगत, बदलत आलाय जेवढी आपला आलाय. तिला हाड नाही म्हणून ती जुनाट असंही म्हणता येत नाही, कारण २०२० मध्ये मंगोलियातल्या सुमारे ४१ कोटी वर्षं जुन्या एका माशाच्या कवटीत आतलं हाड असल्याचं जाहीर झालं आणि तो मासा स्वतः जरा नंतरचा असला तरी शार्क आणि हाडाचे मासे वेगळे होण्याच्या आधीच फुटलेल्या फांदीवरचा, म्हणजे शार्कच्या पूर्वजांना बहुधा हाड होतं आणि त्यांनी ते सोडलं. कूर्चा हलकी असते, आणि जिच्याकडे बोत नाही, फक्त तेलाने भरलेलं मोठं यकृत आहे तरंगायला, तिला हलकं असणं परवडतं.

आता तुम्ही म्हणाल हे किनाऱ्यावर ठीक आहे, आम्ही नांदेडला, आम्ही भंडाऱ्याला. अहो भंडारा-गोंदियाला तर मालगुजारी तलावांची मासळी आहे, आठवडी बाजारात मरळ जिवंत मिळते, पाण्याबाहेर काढली तरी तासन्‌तास जगते कारण डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेसाठी वेगळी जागा आहे. ते फुप्फुस नाही, तिच्या वंशाने हवा घ्यायचा हा स्वतंत्र मार्ग काढला. आणि जीवाश्मांच्या बाबतीत विदर्भ आमच्या कोकणाच्या कितीतरी पुढे आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला डायनोसॉरच्या काळातली अश्म झालेली विष्ठा मिळते, तिच्यात गवताचे सिलिकाचे कण आहेत हे लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं, आणि तोवर गवत हे डायनोसॉर गेल्यानंतरचं असंच धरून चालायचे. गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून तर जुरासिक खडकांच्या एका थराला जगभर नाव आहे, त्यात मासेही आहेत आणि अवाढव्य डायनोसॉरही. मुंबईकरांना वाटेल आपल्याकडे काय, तर वरळीच्या खडकात दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये छोट्या बेडकांचे सांगाडे सापडले होते, इंग्रजांच्या काळात, १८४७ ला त्यांना शास्त्रीय नावही मिळालं.

उभयचर शिकवताना बेडूक आणि सॅलामँडर सांगतात, सॅलामँडर महाराष्ट्रातल्या पोराला कधी दिसणार नाही, पण देवगांडूळ दिसू शकतं. पाय नाहीत, अंगावर वळ्या, पावसाळ्यात दगडाखाली किंवा शेणखताच्या ढिगात सापडतं आणि लोक सापाचं पिल्लू समजून मारतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोरले गावातली एक जात तर २००३ मध्ये शास्त्राला पहिल्यांदा कळली. पोरांनी निदान नाव ऐकलेलं असलं तर एखादं वाचेल.

ज्यांच्याकडे मासे चालत नाहीत त्या मुलांना अजिबात आग्रह करू नका, जबरदस्तीने आणलेलं पोर काही बघत नाही. त्यांना कबुतराचा पाय बघू दे, त्यावरचे खवले बघू दे आणि सांगा की कृष्णेतली मगर पालीपेक्षा ह्या कबुतराच्या जवळची आहे, दोघांच्याही हृदयाला पुरते चार कप्पे आहेत. एवढ्यावर पण तासभर बोलता येतं.

बाजारात न्यायचं ठरवलंत तर थोडं ऐका. सकाळी लिलाव आणि गर्दीच्या वेळी जाऊ नका, तो बायकांचा धंद्याचा वेळ आहे, बारानंतर जरा निवांत असतं. आधी एकटे जाऊन एखाद्या मावशीशी बोलून ठेवा, जे मासे बघणार ते विकत घ्या, फुकटात चिवडू नका. शिंगाळ्याचे काटे आणि पाखटाची शेपटी यांना पोरांना हात लावू देऊ नका, साबण आणि पाणी जवळ ठेवा. आणि नावं मावशीला सांगू द्या, तुम्ही मागे राहा. दोन पाट्यांवरून आलेली बोटभर लांबीची ढोमी आणि मांदेली ती एका नजरेत वेगळी करते, वर्गीकरण म्हणजे काय हे पोरांना तिच्याकडून जास्त पटतं, आणि ज्या पोरीची आई तिथे बसते तिची मान त्या दिवशी वर्गात ताठ होते, हे मी स्वतः अनुभवलंय.

चाचणीचं म्हणाल तर 'मत्स्य वर्गाची चार लक्षणे लिहा' हा प्रश्न एकदाच बाजूला ठेवा आणि 'मुशी, बांगडा, बेडूक, कोंबडी, माणूस यांची वंशावळ काढा आणि प्रत्येक फाट्यावर एक कारण लिहा' असा द्या. बोर्डात येणार नाही हे मला पण कळतं, पण ज्याने हे केलं त्याला लक्षणं वेगळी पाठ करावी लागत नाहीत, ती त्याच फाट्यांवर असतात.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पहिला धडा शिकवता त्या दिवसांत बाजार रिकामाच असणार. नारळी पौर्णिमेनंतर बोटी नीट लागतात, ऑक्टोबरपर्यंत पाट्या भरलेल्या असतात. तेव्हा सहावा धडा थोडा अलीकडे ओढा, पहिल्या धड्याची उजळणी त्याच आठवड्यात घ्या, आणि वार्षिक नियोजनात सप्टेंबरचा एक शनिवार ह्यासाठी आत्ताच लिहून ठेवा.

आपली नम्र,
कोळीवाड्यातली एक प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी